ढाक्यासाठी राखलेली संत्री

माझ्या काकांची संत्र्याची बाग नरखेड तालुक्यात. पावसाच्या सुरुवातीला फुलून उन्हाळ्याच्या तोंडी उतरणारा त्यांचा मृग बहार दरवर्षी ट्रकनं ढाक्याला जायचा. तिकडचा व्यापारी फोनवर मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायचा, काका त्याहून मोडक्या हिंदीत उत्तर द्यायचे, आणि दोघांचं उत्तम जमायचं. काकांचा एक नियम होता. एकदा शब्द दिला की त्या झाडांना दुसऱ्या कुठल्या व्यापाऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. संत्री विकता की सोयरीक जुळवता, असं आम्ही पुतणे त्यांना चिडवायचो.

कोरोनात सीमा बंद झाली तेव्हा फळ झाडावर तयार होतं. नागपूरचे व्यापारी विचारत होते, कारण शहरात जो तो आंबट फळं शोधत होता. मी नागपुरातल्या बेसातून फोन करून सांगितलं, देऊन टाका.

"त्याचा फोन आला होता गा," काका म्हणाले. "बॉर्डर लवकरच उघडन म्हणून राहिला. मी शब्द देला आहे त्याले."

बॉर्डर उघडली नाही. फळ झाडावरच फोपसं झालं, साल सुटली, रस आटला. त्या ओझ्यानं झाडंही दमली आणि पुढचा बहार जेमतेम आला. मला काकांचा फार राग आला होता. असलं एकतर्फी इमान काय कामाचं?

सीमा उघडल्यावर काकांनी आधी त्यालाच फोन लावला. तो अवघडून बोलला. दुकान रिकामं ठेवता येईना म्हणून त्यानं जहाजानं येणारं परदेशी संत्रं घेतलं होतं. घट्ट, चकचकीत, बिनबियांचं, पेटीत न दबणारं. गिऱ्हाइकाला आता तेच लागतं, म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. काकांनीही केला नाही.

गेल्या हिवाळ्यात काका माझ्याकडे राहायला आले. कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे तसलं संत्रं दिसलं, तसे ते थांबले आणि एकच मागितलं. घरी येऊन सोलायला बसले. साल सुटेना, नख रोवून तुकडे काढावे लागले. आता ते चांगल्या शिव्या घालणार, असं मला वाटलं. मीही त्या तयारीतच होतो.

त्यांनी एक फोड तोंडात टाकली. बराच वेळ चघळली. मग उरलेलं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

"गोड आहे गा," ते म्हणाले. "तो तरी काय करन?"