अमरावती ते रेसट्रॅक, डाव्या सीटवर जागे बाबा

गाडी घरी आणली त्या दिवशी आईचा पहिला प्रश्न होता, "अवं, दोनच सीटा? मंग मी कुठी बसू, टपावर?" टपही कापडाचा आहे, हे मी तिला आठवडाभर सांगितलं नाही.

लाल, दोन दारांची, अकरा वर्षं जुनी जर्मन गाडी. मी अमरावतीच्या एका पॉलिटेक्निकात मेकॅनिकल शिकवते. पोट्ट्यांना फळ्यावर ब्रेक काढून दाखवता दाखवता एक खूळ डोक्यात शिरलं होतं, की आपल्या स्वतःच्या गाडीनं एकदा तरी खऱ्या ट्रॅकवर जायचं. हैदराबादच्या अलीकडे एक छोटा ट्रॅक आहे. तिथे अधूनमधून 'ट्रॅक डे' असतो. शर्यत नाही बरं का, नाहीतर आई अजून रडत असती. आपली गाडी न्यायची, ती तपासून घ्यायची आणि ना म्हैस, ना गतिरोधक, ना उलट्या दिशेनं येणारा मोटरसायकलवाला अशा रस्त्यावर मन भरेपर्यंत चालवायची. जानेवारीतल्या एका शनिवारी जागा मिळाली आणि मी जेवताना जाहीर केलं.

"मी येतो संगं," बाबा म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले.

आता बाबांबद्दल सांगायलाच हवं. बाबांनी तीस वर्षं मोर्शीची संत्री ट्रकनं दिल्लीला पोचवली. एक अपघात नाही. पुढे शुगरनं डोळे अधू केले, तेव्हा कोणी सांगायच्या आत त्यांनी स्वतःच स्टेअरिंग सोडलं. लांबच्या खेपेला ट्रकवर दोन ड्रायव्हर असतात, एक चालवतो आणि दुसरा झोपतो. त्यावरून बाबांचा एक कायदा आहे: "ज्याच्या हाती गाडी असतानी दुसऱ्याले झोप लागते, तो ड्रायव्हर. बाकी सारे स्टेरिंग फिरवनारे." या कायद्यात ट्रक सुटल्यापासून कोणीच पास झालेलं नाही. दीक्षाभूमीला जाताना बसमध्ये सगळी वस्ती घोरत होती आणि बाबा ड्रायव्हरच्या मागे बसून त्याला नागपूरपर्यंत गिअर सांगत होते. माझ्या शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहतो. त्यामुळे ट्रॅकची मला तेवढी भीती नव्हती, खरी भीती डाव्या सीटची होती. चौतीस वर्षांची झाले, पण या माणसाला माझ्या शेजारी एकदा तरी झोपलेलं बघायचं, ही माझी इच्छा काही जात नव्हती.

तयारी मात्र मी पुस्तकाबरहुकूम केली. तुम्ही जाणार असाल तर लिहून घ्या: ब्रेक ऑइल नवं, पॅड नवे, कूलंट बघून घ्या, टायरची नक्षी झिजलेली नको, हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पातळ तळाचे बूट. हे सगळं करून गाडी धुतली, हँडब्रेक ओढला, वर कव्हर घातलं आणि दहा दिवस हात लावला नाही. ताजी राहावी म्हणून! हसू नका, पुढे वाचा.

गुरुवारी सकाळी निघालो. यवतमाळवरून सरळ रस्ता आहे, पण गाडीचं शेवटचं तपासणं अकोल्यात बाबांच्या जुन्या मिस्त्रीकडून, नईमभाईंकडून, करून घ्यायचं अशी बाबांची अट होती. डिक्की एवढीशी. तिच्यात दोन हेल्मेट आणि एक बॅग बसली की संपली. तरी आईनं भाकऱ्या, ठेचा आणि संत्री जागा दिसेल तिथे कोंबलीच. निघताना राजकमल चौकाकडे गिला वडा खाल्ला. दह्यात बुडालेला, वर लाल तिखट. या गाडीत मात्र तो कधीच पार्सल घेऊ नका.

मूर्तिजापूरच्या अलीकडे चहाला थांबलो. मी दोन चहा सांगितले, तर बाबा गायब. बघते तर प्रत्येक चाकाजवळ वाकून हाताची मागची बाजू लावून बघताहेत. ट्रकवाल्यांची जुनी रीत, गाडी थांबली की आधी चाक आणि मग चहा.

"मांगचं डावं तापलं," बाबा म्हणाले.

"ब्रेक मारले की तापतंच बाबा. मी शिकवते ना हे."

"तं मंग तीन थंडे अन् एकच गरम काहून? तुह्या पुस्तकात एकाच चाकाले ब्रेक मारता येते काय?"

हात लावला आणि झटकन मागे घेतला. माझी मास्तरकी तिथेच गार झाली. पुढचा रस्ता चाळीसच्या वेगानं, दर दहा किलोमीटरला थांबत काढला. दर थांब्याला बाबा उतरून चाकाला हात लावून यायचे.

नईमभाईंनी चाक खोललं आणि एका नजरेत ओळखलं. "हँडब्रेक खिचून ठेवली होती ना मॅडम? ओल्या गाडीची? ब्रेक चाकाला चिकटून जाम झाली. अशीच पळवली असती तं ट्रॅकवर धूर निघाला असता." मग बाबांकडे वळून म्हणाले, "भाऊ, पोरगी शिकवते काय म्हनले तुमी?"

"मेकॅनिकल," बाबा म्हणाले आणि दोघं म्हातारे पोट धरून हसले. मीही हसले. करणार काय?

दुपारपर्यंत काम झालं. नईमभाई म्हणाले, बार्शीटाकळीपर्यंत जाऊन या, चाक पाहा, मगच पुढे जा. त्या रस्त्यावर एका गावाशी असा गतिरोधक आला की त्याला टेकडीच म्हणावं. गाडीचं पोट जमिनीपासून वीतभर. मी थांबले. मागून ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला होता. बाबांनी दार उघडलं, खाली उतरले, गमछा खांद्यावर टाकला आणि गाडीसमोर उकिडवे बसून खाली बघत हात हलवायला लागले. "येऊ दे... तिरपी घे... येऊ दे... उजवं पयले चढव... बस, बस! आता सोड!"

गाडी न घासता पलीकडे. बाबा परत येऊन बसले आणि म्हणाले, "तीस वर्षांत मी कोनाचा क्लीनर नाई झालो. आज तुहा झालो." असे आणखी सहा गतिरोधक आले आणि सहाही वेळा बाबा उतरले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मी धुळीचं नाव घेतलं. चारही चाकं मात्र थंडगार.

रात्र अकोल्यातच काढली आणि शुक्रवारी पहाटे निघालो. वाशिम, हिंगोली, नांदेड असा लांबचा पल्ला. बाबा टक्क जागे. "अंतर ठेव. त्या ट्रकवाल्याले झोप येऊन राह्यली, पाह्य कसा हेलपाटून राह्यला." खरंच हेलपाटत होता. मुक्कामाला ट्रॅकजवळच्या लॉजवर पोचलो.

शनिवारी सकाळी आधी तपासणी. तपासनीस म्हणाला, गाडीत सुटं काहीही नको. मी सगळं काढलं. त्यानं सीट पुढे सरकवली आणि आईची संत्री एकेक करून घरंगळत बाहेर यायला लागली. चार, पाच, सात! "हे ब्रेकच्या पेडलखाली गेलं तर?" त्यानं विचारलं. बाबांनी तिथल्या सगळ्यांना ती संत्री सोलून वाटली आणि ही मोर्शीची आहेत हे दोन-दोनदा सांगितलं.

पहिल्या फेरीत मी भित्र्यासारखी चालवली. शेजारी बसलेला प्रशिक्षक सांगत होता, ब्रेक उशिरा मारा, पण जोरात मारा. बाबांनी तर आयुष्यभर उलटं शिकवलेलं! सगळे मला ओलांडून गेले, एक पांढऱ्या मिशांचे काका तर हात हलवून गेले. परत आले तर बाबा जाळीला टेकून उभे होते. तेवढ्या लांबचं त्यांना दिसत नाही, पण कान शाबूत.

"तिकडच्या टोकावरच्या वळनावर गिअर उशिरा टाकतं तू. इंजिन रडते तिथं. आधी टाक."

प्रशिक्षकानं माझ्याकडे बघितलं. "बरोबर आहे त्यांचं."

दुसऱ्या फेरीत गिअर आधी टाकला आणि काय सांगू! गाडी वळणातून अशी सुटली की हेल्मेटच्या आत मी एकटीच ओरडत होते. तिसऱ्या फेरीत त्या मिशीवाल्या काकांना ओलांडलं आणि मीही हात हलवला. इतका निखळ आनंद मला नोकरी लागली त्या दिवशीही झाला नव्हता. बाहेर येऊन बाबांना मिठी मारली. ते म्हणाले, "चाकं पाहू दे आंधी."

रविवारी त्याच रस्त्यानं परत, कारण नईमभाईंना गाडी शाबूत दाखवायची होती. हिंगोली मागे पडली. मी म्हटलं, "बाबा, समोरची जीप बघितली?" उत्तर नाही. शुगर तर नाही ना? मान वळवली.

बाबा झोपले होते. मान दाराकडे कललेली, तोंड किंचित उघडं, दोन्ही पाय ढिले. त्यानंतर मी जशी गाडी चालवली तशी ट्रॅकवरही चालवली नव्हती. एक खड्डा लागू दिला नाही, एक ब्रेक जाणवू दिला नाही. अकोल्यात नईमभाईंच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा ते जागे झाले, उतरले आणि चाकाला हात लावायला गेले. झोपेबद्दल एक शब्द नाही.

घरी पोचलो तेव्हा आई फाटकातच उभी होती. तिनं आधी मला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं, मग बाबांना विचारलं, "कशी चालवते हो पोरगी?"

बाबा चपला काढत होते. वर न बघता म्हणाले, "मले काय इचारतं? मी तं झोपलो होतो."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग माझ्याकडे वळली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.