एकाचे तीन वाटे

ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणत. पन्नाशीला गोदामाची नोंदवही बाजूला ठेवून ते प्रोग्रॅम लिहायला शिकले होते. सकाळीच मॅडम सांगून गेल्या, "काका, चारपर्यंत तुमचं प्लगइन शांत बसलं तर ठेवू. नाहीतर विकतचं आणू आणि तुम्ही परत गोदामात."

ऑफिसचे तीन सर्व्हर कसे असावेत हे फाइलीत लिहायचं. मग एक टूल ते लिखाण प्रत्यक्षाशी ताडून पाही आणि फरक दिसला की तिन्ही सर्व्हर पुन्हा सुरू करी. काकांचं प्लगइन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्रॅम, या टूलला जोडलेलं होतं. त्यातल्या फंक्शनने कामाचे तीन सारखे वाटे करून प्रत्येकाचा हिस्सा दशांशात परत द्यायचा, एवढंच. पण टूल दर वेळी म्हणे: फरक आहे. काकांनी हिशेब दहादा तपासला. चूक सापडेना. 

अकराच्या सुमारास कारण दिसलं. फंक्शन शून्य पूर्णांकापुढे तिनांची लांबलचक शेपूट परत देत होतं, आणि सर्व्हरकडे काम पाठवणारं यंत्र त्यातले दोनच आकडे ठेवत होतं; म्हणून लिखाण आणि प्रत्यक्ष जुळत नव्हतं. काकांनी शेपूट छाटली. आता यंत्राने वाटणीच नाकारली: बेरीज एक भरत नाही. तेहतीस शतांश तीनदा, म्हणजे नव्व्याण्णव. उरलेला एक गेला कुठे?

जेवायला घरी गेले, तेव्हा थोरला भाऊ खाली सुतारकामाच्या खोलीत कपाटाचे खण आखत होता.

"तोंड का पाडलंयस रे?"

"दादा, फळीचे तीन भाग नीट पडले नाहीत, तर तू काय करतोस?"

"दोन कापतो. उरेल तो तिसरा. गिऱ्हाईक काय सूत लावून बघतंय?"

वर जेवायला बसलेले काका अर्ध्यावरून उठले आणि उरलेली अर्धी पोळी डब्यात टाकून ऑफिसात परतले. तिसऱ्याला एकातून दोघांचे वाटे वजा करून उरेल ते दिलं. यायला हवं होतं शून्य पूर्णांक चौतीस. आलं तेहतीस आणि पुढे नवांची रांग! टूल पुन्हा म्हणालं: फरक आहे.

साडेतीन वाजले. त्यांनी घरी फोन लावला. "दादा, उरलेलंसुद्धा बरोबर उरत नाही!"

"मोजतोस कशात?"

"दशांशात."

"शहाणाच आहेस. मी इंचाचे तुकडे मनात धरत नाही. आख्खी सुतं मोजतो, आठ सुतांचा एक इंच; इंच शेवटी लिहितो."

काकांनी एकाचे शंभर केले. तेहतीस, तेहतीस, चौतीस. सगळे आख्खे. परत देतानाच काय तो शंभराने भाग.

टूल म्हणालं: काही बदल नाही. पुन्हा चालवलं. काही बदल नाही.

मॅडमनी पडदा पाहिला. "छान. मग मघापर्यंत चुकत काय होतं?"

काकांनी मनात दोन्ही रीती ताडून पाहिल्या. चौतीस शतांश वजाबाकीने आले तर चालत नाहीत, भागाकाराने आले तर चालतात. आकडा तोच ना?

"ते अजून मलाही कळलेलं नाही, मॅडम."

"मग उद्या कळवून घ्या. खुर्ची इथेच आहे तुमची."

काकांनी डबा उघडून उरलेली अर्धी पोळी काढली, तिचे तीन तुकडे केले आणि ते जोडून पुन्हा अर्धी भरते का पाहिलं.