आदल्या दिवशीचा माणूस

आमच्या शेजारच्या कारकुनाला सगळी कचेरी 'आदले' म्हणायची. ते काही त्याचं आडनाव नव्हे. घरकुल अनुदानाच्या टेबलावर बसून त्यानं उभ्या नोकरीत प्रत्येक अहवाल मुदतीच्या आदल्या दिवशी पाठवला, म्हणून आदले. स्वतःच्या लग्नालाही हा आदल्या दिवशीच जाऊन बसला असणार, असं मी त्याच्या बायकोसमोर म्हणतो, आणि ती नाही म्हणत नाही.

तर अशा या नाकासमोर चालणाऱ्या माणसाबद्दल त्याच्या बायकोनंच मला एकदा जिन्यात गाठलं. "नाना, यांचे बनियनसुद्धा हल्ली इस्त्रीला जातात."

"बनियन?"

"उशांचे अभ्रेसुद्धा. परवा पायपुसणं घेऊन निघाले होते, मी हातातून काढून घेतलं."

मला आणखी काय हवं होतं? इस्त्रीचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे, इस्त्री करणारी बाई विधवा आणि बोलायला गोड. माझे गुडघे एरवी फार फिरू देत नाहीत, पण असल्या कामाला कुरकुरत नाहीत. दुसऱ्या सकाळी मी त्याच्या मागोमाग निघालो.

दुकान म्हणजे तिच्या घरापुढचं टेबल. घर नवं, विटांचं, वर स्लॅब. पण दाराच्या जागी जुनी चादर आणि खिडक्यांना पत्रे ठोकलेले. त्या चादरीपाशी तिची सासू खुर्ची टाकून बसलेली. घराला कडी नाही, त्यामुळे म्हातारीला जागचं हलता येत नाही. आदलेनं पिशवी टेबलावर ठेवली आणि वर न बघता चोरासारखा परत फिरला. प्रेमात पडलेला माणूस असा चालत नाही, एवढं मला कळतं.

कोपऱ्यावर त्याला धरलं. "काय रे, पायपुसण्यालाही कडक इस्त्री लागते होय आता?"

तो हसला नाही. बंद दुकानाच्या बाकावर मटकन बसला, आणि मग सगळं बाहेर पडलं.

घरकुलाचे पैसे हप्त्याहप्त्यानं मिळतात. स्लॅब झाल्यावर शेवटचा हप्ता, त्यातून दारं-खिडक्या. स्लॅबची नोंद मुदतीत झाली नाही, तर तो हप्ता सरकारकडे परत जातो. या बाईचा स्लॅब मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी टाकून झाला आणि ती तशीच धावत कचेरीत आली. पण आदलेनं आपल्या सवयीप्रमाणे तिच्या नावापुढे 'अपूर्ण' लिहून हप्ता आदल्या दिवशीच परत पाठवून टाकला होता.

"मग तिला काय सांगितलंस?"

"मुदत संपली, म्हणालो."

"संपली होती?"

"संध्याकाळपर्यंत होती." तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. "वर ती मलाच म्हणाली, साहेब, माफ करा, आमच्यामुळे तुमचं काम खोळंबलं."

मी विचारलं, "हप्ता परत मागवता येतो?"

"येतो. कचेरीची चूक असं लिहून द्यावं लागतं. कचेरीची म्हणजे माझी. निवृत्ती तोंडावर आलीय, नाना."

"म्हणजे तुझं नाव स्वच्छ राहावं म्हणून ती म्हातारी राखण करतेय."

दुसऱ्या दिवशी त्यानं पत्र लिहून साहेबांच्या हातात दिलं. तिथून बाईला सांगायला निघाला, वाटेत घरून मलाही बरोबर घेतलं. त्याला धीर द्यायला गेलो, असं मी लोकांना सांगतो. खरं तर ऐकायला गेलो.

त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाईनं सदऱ्यावरची इस्त्री उचलून जाळीवर ठेवली.

"म्हणजे मी वेळेत होते?"

"हो."

"मग भावजींना मी उगाचच बोलले?"

भावजी म्हणजे तिचा धाकटा दीर, गवंडी. हातातली कामं सोडून, मित्र गोळा करून त्यानंच तो स्लॅब टाकला होता. हप्ता गेल्यावर हिनं त्याला चार माणसांत सुनावलं, की तुमच्या रेंगाळण्यामुळे माझ्या घराला दार नाही. तेव्हापासून त्यानं या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं.

"माझ्या लेकाचं तोंड दिसलेलं नाही मला," खुर्चीतून सासू म्हणाली.

"हे मला ठाऊक नव्हतं," आदले पुटपुटला.

"कसं ठाऊक असणार? पिशवी ठेवली की तुम्ही पळता." बाईनं इस्त्रीचं बटण बंद केलं. "चला. मला सांगितलंत ते त्यांनाही सांगा, सगळ्यांसमोर. मीही सगळ्यांसमोरच बोलले होते."

गवंडी एका इमारतीच्या परांचीवर गिलावा करत होता. आदलेनं खालून हाक मारली आणि म्हणाला, "चूक माझी होती. तुमचा स्लॅब वेळेत झाला होता."

थापी चालूच राहिली. "मोठ्यानं बोला. मिक्सर चालू आहे."

मिक्सर केव्हाच बंद झाला होता. घमेली उचलणाऱ्या बायका थांबून ऐकत होत्या. आदलेनं पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज चिरकला, आणि शेवटी त्यानं आपणहून जोडलं, "मी तुमच्या वहिनींशी खोटं बोललो."

गवंडी सावकाश खाली उतरला, आदले तिथं नसल्यासारखा त्याच्या अंगावरून पुढे गेला आणि वहिनीसमोर उभा राहिला. ती काही बोलणार, तोच म्हणाला, "आई कशी आहे?"

"दारात बसलीय."

त्यानं पिंपात हात धुतले. आदले मागून म्हणाला, "पत्र दिलंय मी. हप्ता येईल."

"येईल तेव्हा येईल," गवंडी त्याच्याकडे न बघता म्हणाला, आणि वहिनीच्या बरोबरीनं चालू लागला.

आदले वाळूत तसाच उभा. डोक्यावर घमेलं घेतलेली एक बाई त्याला म्हणाली, "साहेब, जरा सरका, वाट अडलीय."

तो चटकन बाजूला झाला. "माफ करा," म्हणाला.

"कशाबद्दल?" तिनं विचारलं. तो सांगायला लागला, तोवर ती पुढे गेली होती.