मध्यंतरापर्यंतची जाणकार

नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं लखनौतल्या आमच्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवात एक विदुषी असे. कुठला चित्रपट बघावा, कुठला टाळावा, कुठला पंचवीस आठवडे हलणार नाही, हे ती कैरीच्या डाळीची वाटी हातात धरून सांगे, आणि एरवी नवऱ्याचंही न ऐकणाऱ्या बायका तिचं ऐकत. ती विदुषी म्हणजे मी. आज भेटली तर मी तिला दारातूनच परत पाठवीन.

माझं मोजमाप रुमालांचं होतं. एक रुमाल भिजला तर चित्रपट बरा, दोन भिजले तर उत्तम, पदरापर्यंत गेलं की सुपरहिट. त्या काळातल्या चित्रपटांत एकेका घरात चाळीस माणसं राहत, कुणीच कामाला जात नसे आणि सगळे जिन्यावर नाचत. मला ते फार उदात्त वाटे. माझा सर्वांत आवडता प्रसंग म्हणजे नायिका नायकाच्या अंगातल्या शर्टाचं तुटलेलं बटण शिवते आणि दोरा दातांनी तोडते, तो. घरी येऊन मीही तो करून पाहिला. आमचे हे चिनहटच्या कारखान्यात निघाले होते. मी दोऱ्याशी तोंड नेलं, तर म्हणाले, "थांब, कात्री देतो." तरी अक्कल आली नाही.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. मी एकही चित्रपट पुरता पाहिलेला नव्हता. हजरतगंजला बाराचा खेळ गाठायचा, मध्यंतर झालं की पर्स उचलायची आणि सायकलरिक्षा करून घरी पोचायचं, कारण पावणेतीनला मुलांची शाळेची रिक्षा दाराशी येई आणि किल्ली माझ्याकडे. यांना सिनेमाचा तिटकारा, घरी व्हीसीआर नाही. मग उत्तरार्ध मी रिक्षात बसून रचायची. गोमतीचा पूल ओलांडेपर्यंत खलनायक शरण आलेला असे.

शेजारच्या वहिनींची मुलगी एका संशोधन संस्थेत प्रयोगशाळेत काम करायची. डॉक्टरेटसाठी तिची नुकतीच निवड झाली होती. त्याच सुमाराला कानपूरहून स्थळ सांगून आलं. मुलगा बँकेत, आई आणि तो दोघंच. मुलीचं म्हणणं एवढंच, की लग्नानंतर काम सोडणार नाही. हे मुलाच्या आईला तोंडावर सांगायचा धीर वहिनींना होईना. अशा ठिकाणी विदुषी गप्प बसेल तर ती विदुषी कसली.

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही काही बोलू नका. रविवारी ते दोघं मुलगी बघायला आले की सगळ्यांना सिनेमाला नेऊ या. नायिका डॉक्टर आहे. शेवटी ती सासरीच हॉस्पिटल काढते आणि फीत सासू कापते. बाईंना आपोआप कळेल."

"तुम्ही पाहिलाय ना नीट?"

"दोन रुमाल," मी म्हटलं.

रविवारी तीनच्या खेळाला आम्ही पाच जण ओळीने बसलो. पूर्वार्धात नायिका स्टेथोस्कोप गळ्यात घालून गावभर फिरली, मुलांना सुया टोचल्या, नायकाला खडसावलं. मी वहिनींकडे बघून मान डोलावत होते. मध्यंतराचे दिवे लागले आणि मी सवयीने पर्स उचलून उभी राहिले.

मुलगी म्हणाली, "काकू, कहाँ चलीं?" तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर ती हिंदीत द्यायची.

"पाय मोकळे करत होते," म्हणून मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा उत्तरार्ध बघायला.

असा उत्तरार्ध शत्रूला दाखवू नये. लग्न झालं, आणि सासूबाई जिन्यावरून पडून बेशुद्ध. शहरातले सगळे डॉक्टर हात टेकतात. तेव्हा आमची डॉक्टरीण काय करते, तर खीर. वासाने सासू डोळे उघडते. मग ती बया स्टेथोस्कोप देवघरात देवापुढे ठेवते, पदर डोक्यावर घेते आणि म्हणते की आता हाच माझा दवाखाना. पुढच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. हॉस्पिटल नाही, फीत नाही, काही नाही.

मुलाची आई डोळे पुसत वहिनींना म्हणाली, "इतकी शिकलेली असून कशी वळणाची बघा. मला अगदी अशीच हवी."

मुलीने वाकून मुलाला विचारलं, "और आपको?"

तो म्हणाला, "आईला आवडलं की मला आवडतंच." बिचारा प्रामाणिक होता.

बाहेर हजरतगंजमध्ये मुलीने सगळ्यांबरोबर कुल्फी शांतपणे संपवली, त्यांना नमस्कार केला आणि घरी येऊन आईला नकार सांगितला. मग सरळ माझ्याकडे आली.

"काकू, वो अस्पताल वाला पार्ट कहाँ गया?"

मी म्हटलं, कापला असेल.

"आप इंटरवल में उठीं क्यों थीं?"

मुलांची रिक्षा, किल्ली, पूल, सगळं सांगावं लागलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, "आपवाला एंड अच्छा था." आणि मग, "अब मम्मी से भी यही बोलिए. वो कह रही हैं कि पिक्चर देखकर मेरा दिमाग फिर गया."

मला जायचं नव्हतं. चार वर्षांची प्रतिष्ठा होती, आणि वहिनींच्या पोटात गोष्ट टिकत नसे. पण ती दारात उभीच राहिली, तेव्हा गेले.

वहिनी पाठ करून कणीक मळत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, चित्रपट मी पाहिलेला नव्हता. हॉस्पिटल माझ्या पदरचं. तिचं डोकं फिरलेलं नाही. मुलाची आई हॉलमध्ये जे म्हणाली ते लग्नानंतर घरात म्हणाली असती, एवढाच फरक."

त्यांनी कणीक झाकून ठेवली. मग हात धुऊन पोस्टकार्ड काढलं आणि कानपूरला चार ओळी लिहिल्या, की योग दिसत नाही. पत्ता लिहिताना थांबल्या.

"म्हणजे बाकीचे सिनेमेही असेच?"

"सगळे."

"मग ती आंधळी आई? चैत्रात सांगितलीत ती. मी दोन दिवस रडत होते. शेवटी तिला दिसायला लागतं म्हणालात."

मी म्हटलं, "मी उठले तेव्हा तरी आंधळीच होती."