नाव झाकून दाखवलेलं पोस्टर

सदाशिव पेठेतले ते वितरक पोस्टर हातात आलं, की सिनेमाचं नाव तळव्याने झाकायचे. नुसता चेहरा ओळखू आला, तरच थिएटर मिळवून द्यायचे.

माझ्या सिनेमाची नायिका मंडईतली मेथीवाली मावशी. तिला घेतलं म्हणून निर्मात्याने अंग काढून घेतलं. मी धायरीचा फ्लॅट विकून सिनेमा पुरा केला.

पोस्टर बघून वितरक म्हणाले, "अहो, स्टार घ्यायची! हिला ओळखतं कोण?"

ती मंडईत मेथी विकते, एवढंच मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः मंडईत गेले आणि नाव झाकून पोस्टर गाळ्यागाळ्यावर दाखवत फिरले.

"ही तर आपली मावशी!" सगळा बाजार गोळा झाला.

शुक्रवारी हाउसफुल्लची पाटी त्यांनीच लावली. माझ्याकडे वळून म्हणाले, "स्टार घेतली होतीत की! आधी सांगायचं नाही का?"