कणसावरून पडलेलं नाव

द्राक्षाचे घड फुलोऱ्यात होते आणि उजाडल्यापासून अवकाळी पाऊस थांबत नव्हता. फुलात पाणी राहिलं की घड कुजतो. झटकायला माणूस नव्हतं. हरसूलच्या मजुरांची टोळी भात कापायला गावी गेलेली, मुलगा सातपूरला कारखान्यात पहिल्या पाळीवर. त्यानं आधीच बजावलं होतं, "आई, यंदाही माल गेला तर बाग तोडून प्लॉट पाडतो." मी एकटीच ओळीत शिरले होते. तेवढ्यात आमच्या भाडेकरू मालतीबाई डोक्यावर रिकामं पोतं घेऊन आल्या.

बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मी चौथी पास. त्यांचे गुडघे गेलेले, तरी वाटेत झाड दिसलं की थांबायच्या आणि सोबतच्यालाही थांबवायच्या. त्यांच्याबरोबर बाजाराला निघालं की पोचेपर्यंत चांगली भाजी संपलेली असायची.

"बाई, तारेला हिसका नको, फूल गळेल. देठ धरा, हलकी टिचकी मारा," मी म्हटलं. त्यांनी घड हातात घेतला आणि शिकवायलाच लागल्या.

"अनसूयाबाई, याला पॅनिकल म्हणतात. मधल्या दांड्याला फांद्या, त्या फांद्यांना आणखी फांद्या, आणि त्यांच्यावर फुलं."

"बरं. पुढचा घड धरा."

"शब्द लॅटिन आहे. पॅनस म्हणजे राळ्यासारख्या धान्याचं कणीस. त्यावरून पॅनिक्युला, म्हणजे छोटा झुपका."

"कणसाचं नाव द्राक्षाला कशाला?"

"ठेवणाऱ्यानं रूप पाहिलं. त्याला थोडीच तुमची द्राक्षं विकायची होती."

मला हसायचंही त्राण नव्हतं. घरी जा म्हणून दोनदा सांगितलं. "वर्गात मुलं पेंगायची. तुम्ही निदान उभ्या आहात," म्हणाल्या. दुपारपर्यंत त्यांचं तोंडही थांबलं नाही आणि हातही.

वरच्या ओळींपर्यंत आम्ही पोचलो नाही, तिथला माल कुजला; खालचा टिकला. मुलानं बाग ठेवली.

बाईंना त्या पावसाच्याच आठवड्यात ताप भरला, मग कफ छातीत उतरला. दवाखान्यात त्यांनी विचारलं, "खालच्या ओळींना मणी धरले का?"

"धरले."

"मग ठीक."

तिथून त्या परत आल्या नाहीत. लोक म्हणतात, भिजल्या म्हणून गेल्या. त्यांची छाती आधीपासूनच नाजूक होती, वयही झालेलं. खरं काय ते मला माहीत नाही. त्या पावसात बागेत आम्ही दोघी होतो. मी आहे.