माणूस हाय का न्हाई

एसीच्या जाळीत धूळ साठते तसे आमच्या धंद्यात किस्से साठतात. अधूनमधून काढून झटकले नाहीत तर दम लागतो. आता झटकताना हसू येतं. तो एक महिना मात्र हसायची सोय नव्हती.

आमचं काम सांगायला सोपं. मोठ्या इमारतीत माणसं कधी येणार आणि कधी जाणार, याचं टाईमटेबल कॉम्प्युटरमध्ये भरायचं. माणसं यायच्या आधी गारवा सुरू, गेली की बंद. टाईमटेबल मी भरतो; वायरी, पत्रे आणि पंखे माझा जोडीदार सलीम मुलाणी बघतो.

बायकोला हे सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे खोलीतनं बाहेर पडताना बटण बंद करायचं. मग ते तुम्हाला घरात का जमत नाही?"

*

आमचं पहिलं काम साताऱ्यातल्या एका मंगल कार्यालयाचं. पत्रिकेवर मुहूर्त बारा पस्तीस. मी हिशेब करून भरलं: बारा ते दोन गारवा.

बाराला हॉलचं महाबळेश्वर झालं! आत भटजी, व्हिडिओवाला आणि शेकडो मोकळ्या खुर्च्या. वऱ्हाड बाहेर उन्हात बँडपुढं नाचतंय. नवरदेवाचे मित्र मिलिटरीतून खास रजा काढून आलेले, ते काय एवढ्यात थांबतात! शेवटी भटजींनी नवरदेवासाठी आणलेली शाल स्वतःच पांघरली.

दोनला पाच कमी असताना वऱ्हाड आत आलं. अंतरपाट धरला. आणि बरोब्बर दोनला एसी बंद! तिसऱ्या मंगलाष्टकाला नवरीचा मेकअप तिच्या आधी सासरी निघाला.

तेव्हापासून सलीमनं नियम केला. पत्रिकेवरच्या मुहूर्तात दीड तास मिळवायचा. नियम असा काही बसला, की कार्यालयाचे मालक आता लोकांना सांगतात, "मुहूर्त भटजींना विचारा. लग्न कधी लागणार, ते सलीमला!"

*

असल्याच एका लग्नात घाम न गाळता जेवून उठलेले एक पाहुणे आम्हाला शोधत आले. माने सुभेदार, मूळचे कडेगावचे. पलटणीतून रिटायर झालेले, आणि आता सांगलीत विश्रामबागेत एका खाजगी क्लासच्या पाच मजली इमारतीची व्यवस्था बघणारे.

"काम देतो," आम्हाला तिथं नेऊन म्हणाले, "पर एक म्हैना बघनार. ही तक्रार वही. तीन तक्रारी झाल्या की तुमचं यंत्र खाली, आन् रिमोट परत भिंतीवर. न्हाई झाल्या, तर काम कायमचं तुमचं."

मी हसलो. सलीम हसला नाही. त्याला आखातातल्या इमारती सांभाळायला बोलावणं आलं होतं. गेला की दोन वर्षं घराचं तोंड दिसणार नव्हतं. सांगलीचं काम टिकलं तर जाणार नाही, असं त्यानं धाकट्या मुलीला, सायमाला, कबूल केलं होतं.

परतताना एसटीत कऱ्हाडपर्यंत बोटं मोजत बसला. मग म्हणाला, "दादा, तीन म्हंजे लय कमी हाय."

*

ऑफिसच्या मजल्यावर माणसं नक्की कधी येतात ते कळावं, म्हणून सलीम पहिला आठवडा गेटजवळ वही घेऊन बसला. जो येईल त्याची वेळ टिपायची. बघतो तर काय, सगळे नऊ पन्नासच्या आत हजर! मी खूश होऊन साडेनऊपासून गारवा भरला.

पुढच्या सोमवारी अकरापर्यंत मजल्यावर चिटपाखरू नाही! नुसता गारवा हिंडतोय.

झालं होतं असं, की सगळ्यांना वाटलं सुभेदारांनी हजेरी घ्यायला नवा माणूस बसवलाय. सलीम गेटवरून उठला आणि मंडळी आपापल्या मूळ वेळेवर आली!

सुभेदारांनी वही उघडून ठसठशीत अक्षरात लिहिलं: "तक्रार एक. भिंतींना सर्दी झाली."

मग आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "ते यंत्र ऱ्हाऊ द्या वो. ह्यो वहीवाला मला कायमचा द्या!"

*

दुसरी तक्रार मराठी भाषेमुळं झाली.

सोमवारी सुभेदारांचा मेसेज आला: "परवा सुट्टी. लक्ष असू द्या." आम्ही लक्ष दिलं. बुधवारी सगळ्या इमारतीला सुट्टी भरून टाकली.

बुधवारी दहाला फोन. मागं पोरांचा कालवा. उन्हाळ्याचे दिवस, आणि एसीसाठी खिडक्या कायमच्या बंद केलेल्या.

"काय रं, गारवा कुटं हाय?"

"सुभेदार, तुम्हीच कळवलं ना, परवा सुट्टी!"

"आवं, झालेला परवा! शनवारी सुट्टी हुती, तरी तुमचं यंत्र दिवसभर घुरघुरत हुतं. त्ये सांगत हुतो!"

सलीमचा चेहरा पडला. शनिवारची एक आणि बुधवारची एक. पहिली धरून तीन भरत होत्या. त्यानं फोन माझ्या हातातून घेतला आणि हळूच विचारलं, "आवं सुभेदार, मग ह्या दोन धरायच्या का एक?"

पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"परवा एकच लिवला हुता," सुभेदार म्हणाले. "तक्रार बी एकच."

सलीमनं फोन ठेवला आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायला.

*

आठच दिवसांनी सुभेदारांनी पुन्हा बोलावलं. रोज सकाळी सहाला पाचही मजल्यांवर गारवा सुरू होत होता. मी टाईमटेबल चार वेळा तपासलं. त्यात सकाळचे सहा नव्हतेच!

शेवटी आम्ही दोघं सुभेदारांना घेऊन सहाला जाऊन उभे राहिलो. कमळमावशी झाडलोट आटोपून जिन्याजवळ आल्या. तिथल्या गणपतीच्या फोटोला त्यांनी उदबत्ती ओवाळली, फोटोच्या पाया पडल्या, आणि शेजारच्या बटणाला मनोभावे हात लावून तो कपाळाला टेकवला. अवेळी कुणी आलं तर दोन तास गारवा मिळावा म्हणून ठेवलेलं ते बटण!

"मावशी, त्याला कशाला हात लावता?"

"का म्हंजे? हात लावला की हिरवा दिवा लागतोय, आन् वरनं गार वारं सुटतंय. उभ्या जल्मात एवढ्या बिगीनं देव पावला न्हाई!"

सुभेदारांनी वही उघडलेलीच होती. गणपतीकडं पाहिलं, मावशींकडं पाहिलं, आणि मिटली.

"देवाच्या विरोधात म्या लिवनार न्हाई. फोटो हाय तितंच ऱ्हाईल. बटन हलवा."

*

महिन्याचा शेवटचा दिवस. दुपारचे तीन. आम्ही सुभेदारांच्या टेबलासमोर सहीची वाट बघत बसलो होतो, तोच संचालक साहेबांच्या केबिनमधून बेल. आत गेलो, तर साहेब घामानं निथळतायत. गालावर वहीच्या स्प्रिंगचे वळ.

"मी खोलीत असताना एसी बंद पडला! लिहा तक्रार, माने!"

सलीमनं डोळेच मिटले.

सुभेदारांनी पेनचं टोपण काढलं. पण माणूस पलटणीतला. म्हणाले, "चौकशी झाल्याबिगार म्या लिवत न्हाई."

प्रत्येक खोलीच्या छताला आम्ही हालचाल टिपणारा एक डोळा बसवला होता. वीस मिनिटं काही हललं नाही, की खोली रिकामी समजून तो एसी बंद करायचा. कोणती खोली भरलेली आणि कोणती मोकळी, ते स्क्रीनवर दिसायचं. इंग्रजी शब्द सुभेदारांना नको होते, म्हणून सलीमनं तिथं आपल्याकडचे दोन घातले होते: हाय आणि न्हाई.

मी साहेबांच्याच टेबलावर स्क्रीन उघडली. "संचालक केबिन. दोन वाजून दहा मिनिटांपासून तीनपर्यंत: न्हाई."

"साहेब," मी नम्रपणे म्हणालो, "फायलीचं पान उलटलं तरी याला दिसतं."

साहेबांच्या डोक्यामागच्या भिंतीवर त्यांच्याच सहीची पाटी होती: वर्गात डुलकी घेणाऱ्यास दिवसभर उभे केले जाईल.

"साहेब," सुभेदारांनी अदबीनं विचारलं, "त्या टायमाला आपन कुटं हुता?"

साहेबांनी स्क्रीनकडं पाहिलं. दारातून डोकावणाऱ्या शिपायाकडं पाहिलं. गालावरून हात फिरवला.

"मी? मी म्हसवडला गेलो होतो."

"दोन तासांची वाट, आन् पन्नास मिंटांत?"

"सिद्धनाथाच्या दर्शनाला."

"आन् शर्ट भिजला कशानं?"

"तिकडं ऊन फार आहे, माने!"

सुभेदारांनी पेनाला टोपण लावलं. वही मिटून काखेत मारली. माझ्या शेजारी सलीमनं महिनाभर कोंडलेला श्वास सोडला, तो साहेबांच्या टेबलावरचे कागद हलण्याइतका!

दारापर्यंत गेलेले सुभेदार थांबले आणि वळून म्हणाले,

"मग परसाद न्हाई आनला व्हय, साहेब?"